केशवपन कोणी केलं, ते विचारा



अध्यक्षाने शेवटी उठावं, आधीच्या वक्त्यांचं कौतुक करावं आणि चहा निवायच्या आत खाली बसावं, असा आपल्याकडचा रिवाज आहे. आज मी तो मोडणार आहे. सकाळपासून या व्यासपीठावर ‘मुलं वाचत नाहीत’ हे रडगाणं चाललंय. मी म्हणतो, त्यांनी वाचावं कशाला? पुस्तक न वाचता नुसतं गाइड पाठ केलेल्या मुलाला दोन गुण जास्तच पडावेत, अशी सोय आपणच करून ठेवली आहे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ घ्या. प्रश्न ठरलेला: परमोत्कर्षबिंदूचे विवेचन करा. उत्तरही ठरलेलं. नायिका यमूचे पती रघुनाथराव जातात, सासरचे शंकरमामंजी तिचं बळजबरीने केशवपन करवतात, करुण रस टिपेला पोचतो, लेखकाची समाजसुधारणेची तळमळ दिसते. दहापैकी सात गुण, पुढचा पेपर. आणि वर्गात फळ्यावर तो त्रिकोणी डोंगर! प्रारंभ, चढ, शिखर, उतार.

हा डोंगर आला कुठून? गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये नाटकाच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं. ग्रीक नाटकं आणि शेक्सपिअर समोर ठेवून पाच अंकी नाटकासाठी मांडलेली ती आकृती आहे. तिच्यात शिखर येतं मधोमध, तिसऱ्या अंकात. आपण ते ओढून शेवटाकडे नेलं आणि कादंबरीच्या बोकांडी बसवलं. त्यात ही कादंबरी तर ‘करमणूक’ साप्ताहिकात 1890 पासून हप्त्याहप्त्याने छापली गेलेली. दादाबरोबर वाढणारी लहानगी यमू, सासरी दबून वागणारी यमू, नवऱ्याच्या प्रोत्साहनाने शिकू लागलेली, मुंबईच्या बिऱ्हाडात चार दिवस मोकळा श्वास घेतलेली यमू, अशी ती वाचकाला थोडी थोडी भेटत गेली. वस्तऱ्यापर्यंत गोष्ट येईतो ती त्याच्या नात्यातली झाली होती. शेवटची चार पानं झेरॉक्स करून वाटणाऱ्या प्राध्यापकांना हे कसं दाखवता येणार?

पण माझं खरं भांडण पुढे आहे. आपल्या उत्तरपत्रिकांत केशवपन ‘होतं’. पाऊस होतो, तसं. कर्ता नाहीच. फार तर शंकरमामंजीला खलनायक ठरवायचं आणि मोकळं व्हायचं. एक दुष्ट माणूस सापडला की बाकी सगळं घर सुटतं. आता, हा खलनायक हरिभाऊंनीच रंगवला आहे, हे मलाही दिसतं. जरा भडकच रंगवला आहे. मला तो या थोर कादंबरीतला कच्चा दुवा वाटतो. पण त्याच्या हाती जोर कुठून आला, हे सांगण्यासाठीच तर आधीची शेकडो पानं आहेत. रीत म्हणून मान डोलावणारे, वडीलधाऱ्यांपुढे तोंड न उघडणारे, मनातून हळहळून गप्प बसणारे. तुमच्याआमच्यासारखी चांगली माणसं! त्यांच्यावर पाच गुणांचा तरी प्रश्न कधी निघाला आहे का?

दुसरी लबाडी याहून मोठी. ‘त्या काळी विधवांचं केशवपन करत’ असं आपण वर्गात बेधडक सांगतो. कोणत्या विधवांचं? ही सक्ती मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचं पाहून चालणाऱ्या काही जातींत होती. अनेक बहुजन जातींत पाट लावण्याची, म्होतुराची, म्हणजे विधवेने पुन्हा लग्न करण्याची चाल होती. समोर बसलेल्या निम्म्या मुलींच्या पणजीचं आयुष्य या कादंबरीत नाही, हे सांगायला शिक्षकाची जीभ का अडखळते? सांगितल्याने कादंबरी लहान होत नाही. हरिभाऊ ज्या घरांत वाढले त्या घरांबद्दल लिहीत होते आणि ती घरं त्यांना आतून-बाहेरून ठाऊक होती.

आणि वस्तरा कोणाच्या हातात होता? ‘करमणूक’ निघालं त्याच 1890 साली मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करायला नकार दिला. शिकल्यासवरल्या घरांना जे सुचलं नाही, ते हातावर पोट असणाऱ्यांना सुचलं. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली गोदूबाई ही बालविधवा 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुन्हा लग्न करते आणि पुढे स्वतःची कहाणी स्वतः लिहिते. विधवाविवाहाचा कायदा तर 1856 पासूनच होता. म्हणजे कादंबरीबाहेर वाटा निघत होत्या. कादंबरीतल्या घराने त्या यमूसाठी बंद ठेवल्या. हे शेजारी ठेवून तो प्रसंग वाचा, मग करुण रसाच्या जागी संताप येतो. येऊ द्या. वर्गात मुलगी संतापली तर शिस्त बिघडत नाही.

काही जण म्हणतील, अध्यक्षांना साहित्यात समाजशास्त्र घुसडायचं आहे. हे ऐकून हरिभाऊ हसले असते. 1912 च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण आयुष्यभर त्यांनी कादंबरीला समाजापासून सोवळ्यात ठेवलं नाही. आपण कोण ठेवणारे?

पेपर काढणारी मंडळी पहिल्या रांगेतच बसली आहेत, म्हणून थेट त्यांना सांगतो. पुढच्या वर्षी ‘परमोत्कर्षबिंदू’ वगळा. त्याऐवजी विचारा: यमूचं केशवपन कोणाकोणाला थांबवता आलं असतं, आणि त्यांनी ते का थांबवलं नाही? गाइडवाल्यांकडे याचं उत्तर अजून तयार नाही.