आधी पेट्रोल, मग ट्यून



 अध्यक्षपदाचा जो मान मिळाला आहे, त्याचा उपयोग करून एकच विषय नीट मांडावा, असे मी ठरवून आलो आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या गॅरेजच्या धंद्यात लॅपटॉप आला, ओबीडीची केबल आली, बाहेरून विकत घेतलेल्या मॅपच्या फाइली आल्या. तरुण ग्राहक गाडी लावतो आणि म्हणतो, 'स्टेज वन करून द्या.' आपण किंमत सांगतो, वेळ सांगतो. पण ही गाडी रोज कुठे धावते, किती भार घेऊन धावते आणि तिथल्या पंपावर कोणते पेट्रोल मिळते, हे आपल्यापैकी किती जण आधी विचारतात? ट्यून या उत्तरावरून ठरली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. उत्तम पेट्रोल मिळेल त्या दिवसाचा हिशेब करून मॅप लावू नये. आडगावच्या पंपावर, भर उन्हात, जे मिळेल ते भरावे लागेल त्या दिवसाचा हिशेब करावा.

आधी आकड्याचा घोळ निस्तरू. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही, नॉकिंगला ते किती टिकते हे सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही मोजपट्टी १९२०च्या दशकात ठरली. चालू इंजिनात कॉम्प्रेशन रेशो बदलता येईल अशा एका सिलिंडरच्या खास इंजिनावर ही चाचणी होते. ६०० आरपीएमवरची चाचणी म्हणजे रिसर्च ऑक्टेन, आपला रॉन. ९०० आरपीएमवर आणि मिश्रण तापवून घेतलेली चाचणी म्हणजे मोटर ऑक्टेन, मॉन. ती जास्त कडक, म्हणून मॉनचा आकडा रॉनपेक्षा साधारण आठ ते दहाने कमी येतो. आपल्याकडे आणि युरोपात रॉन सांगतात. अमेरिकेत पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडचे ९१ हे आपल्या मोजपट्टीवर ९५-९६ होते, तिकडचे ९३ हे ९८च्या आसपास जाते, आणि आपला ९१ रॉन तिकडच्या साध्या ८७च्या घरात बसतो.

आता अमेरिकेतल्या ट्यूनरने '९१ ऑक्टेन' म्हणून विकलेली फाइल डोळ्यांसमोर आणा. ती आपण एखाद्या आयात केलेल्या टर्बो गाडीत घातली. ग्राहकाला विचारले, 'पेट्रोल ९१च भरता ना?' तो हो म्हणाला. दोघेही खरे बोलले आणि तरी टाकीत चार-पाच ऑक्टेनची तूट राहिली. फाइलवरचा आकडा कोणत्या मोजपट्टीचा आहे हे समजल्याशिवाय ती गाडीत घालणे मला मान्य नाही.

ही तूट काय करते, ते बघायला मी एक पिस्टन आणला आहे. बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे, चहाच्या सुट्टीत हातात घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली लँड एका बाजूने नखाएवढी तुटून गेली आहे. तुटलेल्या कडेवर बोट फिरवले तर धार लागते. शेजारी त्याच सिलिंडरचा प्लग आहे. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर भरडलेल्या मिऱ्यासारखे बारीक ठिपके दिसतील. त्यातले चकाकणारे ठिपके म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम. स्पार्क पडल्यावर ज्योत पुढे सरकते, तिच्यापुढचे उरलेले मिश्रण दाबले जाते, तापते, आणि ज्योत पोचायच्या आत आपोआप पेटते; हाच नॉक. दाबाची लाट सिलिंडरमध्ये इकडून तिकडे आदळत राहते. साधारण मोटारीच्या इंजिनात हा आवाज सहा-सात किलोहर्ट्झचा असतो. ब्लॉकवर बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर तोच ऐकत असतो.

'सेन्सर आहे ना, सांभाळून घेईल' हे वाक्य मला आपल्या धंद्यातून घालवायचे आहे. सेन्सर नॉक ऐकतो, म्हणजे नॉक होऊन गेलेला असतो. मग ईसीयू स्पार्कचे टायमिंग काही अंश रिटार्ड करतो, थोड्या वेळाने हळूहळू परत पुढे आणतो, पुन्हा नॉक झाला की पुन्हा मागे घेतो. टायमिंग मागे गेले की ज्वलन उशिरा होते, उष्णता एग्झॉस्टमध्ये जाते, टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतात, ताकद पडते. ९५साठी लावलेला मॅप ९१वर चालवला की अनेकदा गाडी ९१च्या मॅपपेक्षाही मंद चालते. जनरल मोटर्सच्या ईसीयूमध्ये जास्त आणि कमी ऑक्टेनचे टायमिंगचे दोन वेगळे तक्ते असतात आणि नॉक किती होतो त्यावरून ईसीयू या दोन्हींच्या मधली जागा शोधतो. अशा गाडीत फक्त वरचा तक्ता वाढवून खालचा तसाच सोडणे, किंवा दोन्ही सारखे करून टाकणे, हे अर्धवट काम आहे. आणि आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींना तर नॉक सेन्सरच नसतो. तिथे ऐकणारे कान फक्त तुमचे.

मग ग्रेड कशी ठरवायची? डायनोवर एक आरपीएम आणि एक लोड धरून टायमिंग एकेक अंशाने पुढे न्या. आधी प्रत्येक अंशाला टॉर्क चांगला वाढतो, मग वाढ कमी कमी होत जाते आणि एका जागी थांबते. ९१वरच ही वाढ थांबली आणि नॉक आला नाही, तर त्या ठिकाणी इंजिनाला जास्त ऑक्टेन नकोच आहे. त्या ग्राहकाला १०० ऑक्टेन भरायला सांगणे म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणे. इंडियन ऑइलचे एक्सपी १०० डिसेंबर २०२०मध्ये बाजारात आले. ते चांगलेच महाग आहे आणि कमी कॉम्प्रेशनच्या साध्या स्कूटरला त्यातून काही मिळत नाही. उलट टॉर्क वाढतच असताना मध्येच नॉक आला, तर ते इंजिन पेट्रोलने अडवलेले आहे. तिथेच वरची ग्रेड कामाची.

वरची ग्रेड म्हणजे ताकद नव्हे, ताकद घ्यायची परवानगी, हे १९४०मध्ये इंग्लंडच्या आकाशात स्पष्ट दिसले. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांची मर्लिन इंजिने ८७ ऑक्टेनवर सव्वासहा पाउंड बूस्ट घेत होती. १०० ऑक्टेन मिळू लागल्यावर लढाईत बारा पाउंडांपर्यंत बूस्ट घ्यायला मुभा मिळाली आणि खालच्या उंचीवर विमाने वेगवान झाली. बूस्ट तेवढाच ठेवून नुसते १०० भरले असते तर काही फरक पडला नसता. समोर जर्मन मेसरश्मिट विमानांवर इंधन भरायच्या झाकणाजवळ पिवळ्या त्रिकोणात ग्रेड रंगवलेली असे, म्हणजे भरणाऱ्याची चूक होऊ नये. ही खूण मला फार मोलाची वाटते.

डायनोचा आकडा घेतानाही जपा. पुण्यात सकाळी, समोर मोठा पंखा लावून, इंजिनात हवा थंड जात असताना लावलेले टायमिंग मे महिन्यात चंद्रपूरला, ४५ अंशांत, पाच माणसे आणि सामान घेऊन चालणाऱ्या गाडीला पेलेलच असे नाही. कसाऱ्याच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला जातो तेव्हा मिश्रणाला आपोआप पेटायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. कमी आरपीएम आणि जास्त लोडचे हे खाने मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हात राखून भरतो. डायनोच्या आलेखावर मिरवायला तिथे काही नसते, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते.

आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. याबद्दल तावातावाने बोलले जाते, पण ट्यूनरच्या कामाचे थोडकेच. इथेनॉलचा स्वतःचा रॉन १०८च्या आसपास आहे आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा खूप जास्त उष्णता शोषते. बीएस-२च्या काळात साध्या पेट्रोलचा रॉन ८८ होता, पुढे तो ९१ झाला, आणि इथेनॉलमुळे ई२०च्या मानकात तो किमान ९५ आहे. मॉन मात्र त्या मानाने कमी वाढतो. लिटरमागे ऊर्जा कमी मिळते, हेही ग्राहकाला सरळ सांगावे. मिश्रणाचे गणितही बदलते. शुद्ध पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७, इथेनॉलला ९, म्हणून ई२०ला ते साधारण साडेतेरा होते. अमेरिकी फाइल बहुधा ई१० गृहीत धरून, साधारण १४.१वर लिहिलेली असते. म्हणजे आपल्या पेट्रोलवर चारेक टक्के इंधन जास्त लागते. साध्या वेगात ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, पण पूर्ण ॲक्सिलरेटरवर बऱ्याच गाड्या त्याचे ऐकत नाहीत आणि मिश्रण नेमके तिथेच पातळ राहते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला तर सेन्सरच नाही, तिचे जेट बघावे लागतील. माझी विनंती आहे की मीटरवर एअर-फ्युएलचा आकडा वाचणे सोडा आणि लॅम्बडा वाचा, म्हणजे त्या इंधनाला लागणाऱ्या हवेच्या मानाने मिश्रणात हवा किती आहे ते. पेट्रोल बदलले तरी लॅम्बडाचा अर्थ बदलत नाही.

ई२०चे ९५ धरून टायमिंग पुढे न्यावे का? मी नेत नाही. बहुतेक पंपांवर साध्या पेट्रोलसमोर रॉन छापलेलाच नसतो. जे छापलेले नाही त्याच्या भरवशावर दुसऱ्याचे इंजिन मी टाकणार नाही. जो ग्राहक कायम ९५ किंवा १०० भरतो, त्याला दोन मॅप द्यावेत आणि साधा मॅप कसा लावायचा ते हाताला धरून शिकवावे.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला तेल कंपन्यांसाठी: प्रत्येक नोझलवर, साध्या पेट्रोलच्यासुद्धा, रॉन आणि इथेनॉलचे प्रमाण छापा. दुसरा आपल्यासाठी: मॅप बदललेल्या प्रत्येक गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर लावायचा. किमान किती रॉन, इथेनॉल किती धरले आहे, डायनोच्या वेळी हवेचे तापमान किती होते, तारीख आणि गॅरेजचा फोन. मूळ मॅपची प्रत मालकाला द्यायची, कारण तीन वर्षांनी ती गाडी दुसऱ्याच्या हातात असते आणि आत कोणती फाइल आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. स्टिकरचा नमुना पिस्टनच्या शेजारीच ठेवला आहे. त्यात काही कमी वाटले तर आज रात्रीपर्यंत सांगा, म्हणजे उद्या दुरुस्त मसुदाच मतदानाला ठेवता येईल.