खेळयंत्राचे वय कसे ओळखावे?

बाजारात बैल घ्यायला गेलेला जाणता शेतकरी आधी त्याचे दात पाहतो. दातांवरून वय कळते आणि वयावरून किंमत ठरते. हल्ली मुले टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राचा, म्हणजे व्हिडिओ गेम कन्सोलचा, हट्ट धरतात. सोनीचे प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या देशात आले, तेव्हा डिस्क लागणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढी रक्कम मोजायची, तर याचेही दात पाहायला नकोत का?

या यंत्राला दोन आयुष्ये असतात, हे पहिल्याने ध्यानात घ्या. एक अंगचे. धूळ साचली, पंखा अडला, आतले भाग तापले की ते संपते. दुसरे कारखानदाराच्या हातचे. त्याने नवे खेळ काढणे आणि दुरुस्ती करणे थांबवले, की यंत्र धडधाकट असूनही निवृत्त होते. पुष्कळदा हे दुसरे आयुष्यच आधी सरते.

असे का होते? यंत्राच्या विक्रीत कंपनीला अनेकदा नफा थोडा, कधी तर तोटाच होतो. खरी मिळकत खेळांच्या विक्रीतून येते. चार-सहा वर्षांत अधिक वेगवान चिपा निघतात, खेळ करणाऱ्यांना जुने यंत्र अपुरे पडू लागते, आणि मग नवी पिढी बाजारात उतरते. सोनीचीच सनावळी पाहा ना. दुसरे प्लेस्टेशन २००० साली, तिसरे २००६, चौथे २०१३ आणि पाचवे २०२० साली आले. म्हणजे सहा-सात वर्षांची एक पिढी.

सगळ्यांचे नशीब मात्र सारखे नसते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचे फॅमिकॉम १९८३ मध्ये निघाले आणि २००३ पर्यंत तयार होत राहिले. आपल्याकडे १९९० नंतर कॅसेट घालून खेळायची जी स्वस्त यंत्रे आली, त्यांतली बरीच याचीच नक्कल होती. उलट सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट १९९८ साली निघाले आणि २००१ मध्ये कंपनीने ते बंद केले. ज्यांनी ते उशिरा घेतले, त्यांचे पैसे गुंतून पडले.

आता जुन्या खेळांचे काय होते, ते ऐका. प्लेस्टेशन ३ ची मुख्य चिप निराळ्या घडणीची होती. म्हणून तिचे खेळ प्लेस्टेशन ४ वर थेट चालले नाहीत. ४ आणि ५ यांच्या चिपा एकाच घराण्यातल्या, त्यामुळे ४ चे बहुतेक खेळ ५ वर चालतात. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विच २ वरही पहिल्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात. पुढची पिढीही घडते आहे. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ मध्ये आपल्या पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडी कंपनीबरोबर चिपा तयार करण्याचे जाहीर केले.

इंटरनेटवरून घेतलेल्या खेळांची गोष्ट आणखी नाजूक. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांच्या दुकानांतली विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झाले. त्याच २०२३ साली झालेल्या एका अभ्यासात दिसून आले की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शंभरातले ८७ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. एका पिढीचे बालपण ज्यात गेले, ते तिच्या मुलांना दाखवता येऊ नये, ही काही लहान हानी नव्हे.

तेव्हा दुकानात गेलात की चार प्रश्न विचारा. ही पिढी केव्हा निघाली? मागचे खेळ यावर चालतात का? डिस्कसाठी खण आहे का? दुरुस्ती जवळपास कुठे होते? पिढी पाच वर्षांहून जुनी असेल, तर किंमत उतरलेली असली पाहिजे. नसेल तर घाई करू नका. आणि घेतलेले यंत्र मोकळ्या हवेत ठेवा, कापडाखाली झाकून चालवू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वरची सनावळी फळ्यावर लिहा आणि पुढचे यंत्र केव्हा येईल, याचा हिशेब मुलांनाच करू द्या. वजाबाकी होईल, सरासरी होईल. आणि हट्ट धरण्याआधी वय विचारावे, एवढे शहाणपणही अंगी येईल.