गावची हवा आणि गोळ्यांचे कार्ड
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



कडोदऱ्यात आपल्यापैकी अनेकांची दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. घर इथे, रेशनकार्ड इथे, मुलांच्या शाळा इथे. तरी कोणी मोठ्या दुखण्यातून उठले की आपण हमखास म्हणतो, "चार महिने गावाला जाऊन ये, हवा बदलेल." आम्हीही तेच म्हटले होते. त्याचीच हकीकत आज सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या धाकट्या भावाला खोकला लागला. रात्रपाळी आहे, थंडी आहे, असे म्हणत आम्ही तीन आठवडे काढले. संध्याकाळचा ताप आणि उतरलेले वजन पाहून थुंकी तपासली, तेव्हा क्षय निघाला. सरकारी औषध फुकट सुरू झाले, घरातल्या सर्वांची तपासणी झाली. पौषात त्याला नंदुरबारकडे, गावी आईजवळ नेऊन सोडले.

तिथे दादरची भाकरी, दूध, तुरीची डाळ आणि अंगणातले ऊन. आम्ही फोन केला की तो सांगायचा, "आंब्याला मोहोर आला, आता निंबाला पालवी फुटेल." वसंताची वाट पाहता पाहता अंगावर मांस चढले. होळीला आम्ही गाडीने निघालो, तेव्हा नवापूरकडे पळस पेटल्यासारखा फुलला होता. भाऊ दारात हसत उभा! आम्हाला वाटले, जिंकलो.

रात्री कळले, गोळ्या संपून बारा दिवस झाले होते. आई म्हणाली, "आते बरं वाटस ना, मंग गोया कसाले?" तिला काय बोलणार? त्याला पाठवताना कपडे, स्वेटर, डबा सगळे दिले. उपचाराचे कार्ड मात्र इथेच कपाटात राहिले. पुढचे औषध कुठे मिळेल, हे आम्ही विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्र गाठले. डॉक्टरांनी समजावले, की साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. बहुतेक जंतू सुरुवातीलाच मरतात, म्हणून माणसाला बरे वाटते. पण काही दडून बसतात. औषध अर्धवट सोडले तर तेच वाढतात, आणि मग साध्या गोळ्यांना दाद देत नाहीत. थुंकी पुन्हा तपासली. नशिबाने जंतू दिसले नाहीत. औषध पुन्हा सुरू झाले.

गावच्या हवेवरचा आपला विश्वास जुना आहे. औषधे नव्हती तेव्हा जगभर क्षयावर मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच इलाज होता. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला त्यासाठीच सॅनिटोरियम उभे राहिले. रॉबर्ट कोखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, तरी गुणकारी औषध यायला आणखी साठेक वर्षे लागली. पुढे १९५९ मध्ये मद्रासच्या केंद्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब वस्तीत, घरीच राहून नियमित औषध घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले होते. म्हणजे ज्याला रजा मिळत नाही, ज्याचे गावचे घर उरलेले नाही, त्यानेही खचू नये. गाव ताकद देते, माया देते. रोग मात्र गोळीच मारते.

म्हणून तीन विनंत्या. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा. गावी जाताना इथल्या केंद्राला सांगा आणि कार्ड बरोबर न्या. नोंद देशभर चालते, पुढचे औषध गावाजवळच्या सरकारी केंद्रात मिळते. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात, तेही मागून घ्या. आणि शेजारी कोणी आजारी असेल तर तोंड फिरवू नका, त्याच्याकडे डबा पोहोचवा आणि "आज गोळी घेतली का?" एवढे विचारा.

आमच्या भावाची शेवटची गोळी आखाजी उलटून पाऊस लागल्यावर संपली. यंदा आरतीला टाळ त्याच्या हातात आहेत.

गणपती बाप्पा मोरया!