पार्टीत बाईनं कोण व्हायचं?

(कर्जत-खालापूर परिसरातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



विषय ऐकून काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेशन, रोजगार हमी, मारहाणीच्या केसेस सोडून ही बाई कॉम्प्युटरच्या खेळांवर काय बोलणार? पण कशेळ्यापासून खोपोलीपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये मुलांच्या हातात मोबाइल आलेत. भाऊ खेळतो, बहीण मागे उभी राहून बघते. तिथे ती काय शिकते हे आपण बघायला हवं. शिवाय यातल्या एका प्रकारच्या खेळापासून आपल्या गटांनाही शिकण्यासारखं आहे.

हा प्रकार म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे साहसखेळ. राक्षस, जादू, ओसाड किल्ले असं काल्पनिक जग. खेळणाऱ्याने चार-पाच पात्रांची तुकडी बांधायची; तिला 'पार्टी' म्हणतात. प्रत्येक पात्राचा एक 'क्लास' असतो. हा शाळेतला वर्ग नव्हे, आपल्या अभ्यासवर्गातला शोषक-शोषित वर्गही नव्हे. क्लास म्हणजे त्या पात्राचं कसब, पार्टीतलं त्याचं काम.

याचं मूळ १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळात आहे. त्यात तीन क्लास होते: योद्धा, जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा धर्मोपासक. पुढच्या वर्षी कुलपं उघडणारा, सापळे ओळखणारा चोर आला. १९८७च्या 'फायनल फँटसी' या जपानी व्हिडिओ गेममध्ये सहा क्लासमधून चौघांची पार्टी निवडायची होती. आजच्या खेळांतही हाच पाया आहे.

खेळणारी मुलं सांगतात, नवखा खेळाडू चारही पात्रं तलवारवालीच घेतो. पहिल्या लढाया जिंकतो. मग कोणाला विष बाधतं, दाराला कुलूप असतं, भूत तलवारीने मरत नाही, आणि सगळे तिथंच संपतात. म्हणून पार्टी बांधताना तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, प्रत्येकाला असं एक तरी काम यावं जे इतरांना तितकं चांगलं येत नाही. दुसरी, प्रत्येकात एक उणीव असावी. जादूगाराचा तडाखा मोठा, पण अंगावर चिलखत नाही. त्याच्यापुढे कोणीतरी ढाल धरून उभं राहावंच लागतं. उणिवेमुळेच एकमेकांची गरज भासते. तिसरी, महत्त्वाचं काम एकाच्याच हाती नको. जखमा बांधणारा पडला, तर थोडी मलमपट्टी दुसऱ्याला यावी.

आता यात बाई कुठे? याच खेळाच्या १९७८च्या नियमपुस्तकात स्त्री-पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष-पात्रापेक्षा खाली ठेवली होती. ज्या जगात ड्रॅगन उडतात, माणूस मंत्राने अदृश्य होतो, तिथे बाईच्या दंडातलं बळ मात्र लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत बसेना! १९८९च्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. पण नियम गेला तरी सवय जात नाही. मुलगी खेळायला आली की तिला सांगतात, "तू हीलर हो." म्हणजे घरी करतेस तेच इथेही कर.

आमच्या किशोरी गटात मी हा खेळ कागदावर घेतला. बहुतेकींनी जखमा बांधणारीचाच क्लास निवडला. ठाकरवाडीतली एक मुलगी म्हणाली, "मी वाट काढणारी होणार. रानातल्या वाटा मला ठाऊक आहेत, भावाला नाहीत." जे तिला येतच होतं, त्याला कोणीतरी कसब म्हणावं एवढंच तिला हवं होतं.

हीलरचं काम मी कमी लेखत नाही. पुष्कळ खेळांत तिची शक्ती मोजलेली असते. मंत्र संपले की विश्रांतीशिवाय परत मिळत नाहीत. कितीही घाई असो, शहाणी पार्टी तिच्यासाठी मुक्काम करते. घरात बाईसाठी असा मुक्काम कोण करतं? इतिहासातही तेच. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपल्याकडे शाळकरी मुलंही सांगतात. पण रानात लपलेल्या माणसांना भाकरी लागते, निरोप लागतो. ते पुरवणाऱ्या हातांची नावं किती जणांना सांगता येतील?

आता आपल्या गटाकडे या. मारहाण झालेल्या बाईबरोबर आपण पोलीस ठाण्यात दहाजणी जातो आणि दहाहीजणी एकदम बोलतो. ही चारही तलवारवाल्यांची पार्टी झाली! कोण बोलणार, कोण लिहून घेणार, अर्जाची पोच कोण मागणार, २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे कोण जाणार, त्या बाईजवळ कोण बसणार, तिची मुलं रात्री कोणाकडे झोपणार, हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. दिवाळीनंतर आपल्या कातकरी मैत्रिणी वीटभट्टीवर जातात. बोलणारी गेली म्हणून गट मुका होता कामा नये. प्रत्येक कामाला दुसरा हात तयार हवा.

आणि ही वाटणी कायमची नको. शिकलेली कायम लिहिणार आणि निरक्षर कायम सतरंजी झटकणार, तर ती जातीचीच रीत झाली. २०२३च्या 'बाल्डर्स गेट ३' या खेळात शंभर मोहरा दिल्या की मुक्कामावर पात्राचा क्लास बदलता येतो. आपल्याला मोहराही लागणार नाहीत. दर तीन महिन्यांनी कामं बदलूया. लिहिणारीने सतरंजी घालावी, सतरंजी घालणारीने तहसीलदारापुढे बोलावं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. त्यात भावाला सोडवायला निघालेली मुलगी असुरांशी लढते. आपल्याकडच्या मुलीला नायिका केलं याचा मला आनंद झाला. पण राजीला पार्टी नाही, ती एकटी लढते. आपल्या वाडीवस्तीतल्या मुलीवर तशी वेळ येऊ नये, म्हणून तर आपले गट आहेत.

जेवणानंतर चार-चारजणी बसूया. प्रत्येकीने दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय येतं, आणि मला काय शिकायचंय. चहा कोण करणार, ते शेवटी ठरवू.