यात्रेतली झोपायची खोली : हिशेब आणि सामान



आज बोलायचंय ते यात्रेत दुकान लावणाऱ्या बायांच्या रात्रीबद्दल. सारंगखेड्याची दत्ताची यात्रा घ्या, मुडावदची महाशिवरात्र घ्या, की धुळ्याची एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा. आपले गट भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, पापड घेऊन जातात. खरा धंदा दिवेलागणीनंतर होतो आणि शेवटची एसटी नेमकी तेव्हाच निघते. जी एसटी धरते तिचा गल्ला अर्धा राहतो. जी थांबते तिला मालावर बसून रात्र काढावी लागते, एकीनं डुलकी घ्यायची आणि दुसरीनं गल्ला सांभाळायचा. पुरुषमंडळी गाडीखाली अंग टाकतात, आपल्याला ते जमत नाही.

यावर एक उपाय परदेशात जुना आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत लोकांनी मोटारीमागे जोडायची एक छोटी खोली घरीच बांधायला सुरुवात केली. पुढून गोल, मागे निमुळती, पाण्याच्या थेंबासारखी, म्हणून तिला टिअरड्रॉप म्हणतात. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा, आणि झोपताना पाय त्या ओट्याखाली जातात. मला हे पाहून पहिली आठवण आपल्या धंद्याची झाली : मागे ओटा, पुढे झोप, आणि गल्ला आत कुलपात.

गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "कितलं लागी, ताई?" पण त्याच्याही आधी विचारायचं की ती ओढणार कोण. मोटारीनं ओढायचा ट्रेलर कायद्यानं स्वतःच एक वाहन असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याप्रमाणे ट्रेलरची आरटीओत नोंदणी हवी, नंबर हवा, विमा हवा. घरी वेल्डिंग करून, भंगारातला आस आणि जुनी चाकं लावून ती मुंबई-आग्रा महामार्गावर काढणं म्हणजे दंडाला आणि त्याहून मोठ्या संकटाला बोलावणं. आपल्या नरडाण्याजवळून रात्रंदिवस ट्रक कसे धावतात ते तुम्ही बघताच. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण तो पर्यटन व्यवसायाचा विषय झाला.

म्हणून माझं मत असं की चाकं नकोतच. खोली बांधा, पण सुटी. जाताना ती ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये माल म्हणून दोरांनी घट्ट बांधून न्यायची, आत कुणी बसायचं नाही. आपण एसटीनं जायचं. तिथं उतरवायची आणि गाडी परत पाठवायची. दत्तजयंतीच्या दिवसांत कापूस घरात येत असतो, चार दिवस ट्रॉली कोण अडकवून ठेवणार? आस, चाकं, नोंदणी, विमा हा सगळा खर्च इथेच वाचतो.

मात्र एक अट येते. ती फळ्यांवरून घसरवत आठ बायांना उतरवता आली पाहिजे. एकीला २५ किलो धरले तर झाले २०० किलो. एवढा आकडा ठरला की कुठलं सामान घ्यायचं ते आपोआप ठरतं.

प्लायवूडचा तक्ता ८ फूट बाय ४ फूट असतो. खोलीही तेवढीच धरा, ८ लांब, ४ रुंद, ४ उंच, म्हणजे तुकडे वाया जात नाहीत. १८ मिलिमीटरचा एक तक्ता साधारण ३५ किलो भरतो, १२ चा २३, ९ चा १७-१८ आणि ६ चा १२. सुतार बहुतेक वेळा "मजबूत करू" म्हणत सगळीकडे १८ सुचवतो. तळ, दोन बाजू आणि छपराचा दीड तक्ता मिळून नुसतं लाकूडच १५० च्या वर जातं. वर १ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर आणखी ८० किलो. सांगाडा धरून ३०० च्या आसपास. ती आपण काय उचलणार! त्याऐवजी तळाला १२, बाजूंना ९, छपराला ६. छपराला पातळ घेण्यात आणखी एक फायदा, तो सहज वाकतो. तळाला ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, वरच्या कमानींना २५ बाय २५ चा, दोन्ही २ मिलिमीटर जाडीचे. बाहेरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. दार, बिजागऱ्या, कड्या धरून हे सगळं १७० किलोच्या आत बसतं.

वेल्डिंगवाल्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. तो मजुरी बहुधा किलोवर सांगतो. जितकं लोखंड जास्त तितकी त्याची कमाई जास्त. यात त्याचा दोष नाही, धंदाच तसा आहे. म्हणून आधी कागदावर चित्र काढा, कुठे किती फूट पाइप ते लिहा, आणि काम झाल्यावर सांगाडा काट्यावर चढवा.

आता पाणी. स्वस्तातला 'कमर्शिअल' प्लाय ओलावा थोडाफार सोसतो, पण पाऊस सोसत नाही. आपल्याला बीडब्ल्यूआर लिहिलेला हवा. त्यावर आयएसआयची खूण आणि ३०३ हा क्रमांक छापलेला असतो. ७१० क्रमांकाचा मरीन प्लाय त्याहून भारी आणि महागही. तो घ्यायचाच तर फक्त तळाला घ्या, कारण काळ्या मातीतला चिखल तिथेच बसतो. दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका. एक तुकडा मागून घ्या आणि चुलीवर पातेल्यात पाच-सहा तास उकळा. पदर सुटले तर तो माल परत. प्लाय पाणी पितो तो कडांनी, म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला ऑइलपेंटचे दोन हात द्या, आणि ते जोडायच्या आधी. लोखंडाला रेड ऑक्साइड. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे मधे रबराची पट्टी, नाहीतर पत्रा खात जातो. पत्र्याखाली अंथरायला जुने फ्लेक्स चालतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे एवढे फ्लेक्स गावोगाव लागतात, त्यातले एक-दोन निदान कुणाच्या कामी येतील.

उष्णतेसाठी पुष्कळजण थर्माकोल सुचवतात. तो झटकन पेटतो आणि धूर काळा, कोंडणारा. स्वयंपाकाशेजारी मी तो लावू देणार नाही. छपराला पांढरा रंग द्या, आत गोधड्या ताणून बांधा.

पैशाची वाटणी मी अशी धरते. १०० रुपयांतले ४० लाकडाला, सुतार धरून. २२ लोखंडाला, वेल्डिंग धरून. १८ पत्र्याला, १० रंग-बिजागऱ्या-कुलपांना. उरलेले १० हात न लावता बाजूला, ते लागतातच. भाव मी सांगत नाही, ते महिन्याला हलतात. तीन दुकानांतून लिहून आणा आणि दरात जीएसटी धरलाय का ते विचारा. प्लाय, लोखंड, रंग, सगळ्यावर १८ टक्के आहे. तोंडी सांगितलेला दर बिलात वाढतो तो इथेच.

आणि ठराव करण्याआधी रात्री मोजा. समजा ३६,००० लागले आणि खोली ५ वर्षं टिकली. वर्षाला १२ रात्री वापरली तर ६० रात्री, म्हणजे रात्रीला ६०० रुपये. तेवढ्यात तंबू भाड्यानं मिळत असेल तर बांधूच नका, हे मी स्पष्ट सांगते. पण ग्रामसंघातल्या दुसऱ्या गटांना भाड्यानं देऊन २५ रात्री भरल्या तर तोच आकडा ३०० च्या खाली येतो. म्हणून एकट्या गटानं कर्ज काढण्यापेक्षा दोन-तीन गटांनी मिळून करा. भाडं किती, दुरुस्ती कुणाची, चावी कुणाकडे, हे नोंदवहीत आधीच लिहा.

एका खर्चात मात्र कात्री लावायची नाही. समोरासमोर दोन झरोके, जाळी लावलेले, कायम उघडे. त्यांतला एक तळाजवळ, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. ओटा आणि झोपायची जागा यांच्यामध्ये पूर्ण भिंत. टाकी, ५ किलोची असली तरी, रात्री बाहेर. मार्गशीर्षात तापीकाठी थंडी अशी असते की सिगडी आत घ्यावीशी वाटते. कोळशाच्या सिगडीतून जो वायू निघतो त्याला ना रंग ना वास, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. दार घट्ट लावून घेणाऱ्या दोघी बायांना हा धोका सगळ्यात मोठा. चोरापेक्षाही मोठा. आणि दाराची कडी आतून एका हातानं निघाली पाहिजे, अंधारातसुद्धा.

काम दसऱ्याला सुरू केलं तर दत्तजयंतीपर्यंत रंग पुरता वाळतो. नेण्याआधी दोघींनी एक रात्र अंगणातच आत झोपून बघा. सकाळी एकीनं आत बसायचं आणि बाकीच्यांनी बाहेरून बादल्यांनी पाणी मारायचं. जिथून थेंब येईल तिथे आतून खडूनं खूण करा आणि सुताराला बोलवा. त्याचे शेवटचे पैसे त्यानंतर द्या.