उड्डाणाचे आचार्य



श्रीहरिकोटा येथून भारताचा अग्निबाण झेपावतो, तेव्हा एका शिक्षकाचे नाव देशभर उच्चारले जाते. 2002पासून ते केंद्र ‘सतीश धवन अवकाश केंद्र’ म्हणून ओळखले जाते. धवन इस्रोचे अध्यक्ष होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्यांचा पिंड अध्यापकाचा होता आणि उड्डाण हा त्या अध्यापकाचा आजन्म ध्यास होता.

25 सप्टेंबर 1920 रोजी श्रीनगर येथे त्यांचा जन्म झाला. लाहोरच्या विद्यापीठात त्यांनी गणित, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकी अशा तिन्ही वाटा चोखाळल्या. अमेरिकेत वैमानिकी शास्त्रात डॉक्टरेट मिळवून 1951 मध्ये ते मायदेशी परतले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागले. परदेशातील सुसज्ज प्रयोगशाळा येथे नव्हत्या. त्याबद्दल खंत करीत न बसता त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन स्वनातीत वेगाच्या वायुप्रवाहाचा अभ्यास करणारी छोटी उपकरणे उभी केली. रोद्दम नरसिंह यांच्यासारखे शास्त्रज्ञ याच मुशीतून घडले.

30 डिसेंबर 1971 रोजी विक्रम साराभाई यांचे अकाली निधन झाले. अवकाश कार्यक्रमाची धुरा धवन यांच्याकडे सोपविण्याचे ठरले, तेव्हा विज्ञान संस्थेचे संचालकपद आपल्याकडेच राहावे, अशी अट त्यांनी घातली. राष्ट्रकार्याचे एवढे मोठे दायित्व स्वीकारतानाही विद्यामंदिराशी असलेले नाते त्यांनी तुटू दिले नाही.

या आचार्याची खरी कसोटी 10 ऑगस्ट 1979 रोजी लागली. एसएलव्ही-3 या प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले आणि तो बंगालच्या उपसागरात कोसळला. अनेक वर्षांचे परिश्रम काही मिनिटांत पाण्यात गेले. प्रकल्पाचे संचालक होते डॉ. अब्दुल कलाम. पत्रकारांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याची वेळ आली, तेव्हा धवन स्वतः पुढे झाले. अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि सहकाऱ्यांवरील विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. पुढे 18 जुलै 1980 रोजी त्याच प्रक्षेपकाने ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचविला. त्या दिवशी मात्र धवन यांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठविले. राष्ट्रपतिपदी पोहोचल्यावरही कलाम ही आठवण कृतज्ञतेने सांगत असत.

शिष्याने आपल्याला मागे टाकावे, यातच गुरूचा गौरव आहे, असे आपली परंपरा मानते. धवन यांनी तो संस्कार प्रत्यक्ष आचरणात आणून दाखविला.

अग्निबाणांच्या या सहवासात त्यांची दृष्टी आकाशातील पाखरांवरही खिळलेली असे. श्रीहरिकोट्याला लागूनच पुलिकत सरोवर आहे. तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पंखांच्या गतीमागील शास्त्र उलगडणारा ‘बर्ड फ्लाइट’ हा ग्रंथ धवन यांनी लिहिला. निसर्गापुढे ते अखेरपर्यंत विद्यार्थीच राहिले. 3 जानेवारी 2002 रोजी त्यांची जीवनयात्रा संपली.

त्यांचे स्मरण करताना प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाने स्वतःला एक प्रश्न विचारावा. हाती घेतलेले काम फसते, मुलाला परीक्षेत अपयश येते, नव्या सहकाऱ्याच्या हातून चूक घडते. अशा वेळी त्याच्यापुढे ढाल होऊन कोण उभे राहते? आणि यशाचा हार घेऊन लोक येतात, तेव्हा एक पाऊल मागे सरण्याचे औदार्य कोण दाखविते? पंखांत बळ असे वागणारा वडीलधाराच भरू शकतो.