छायाचित्रकाराचा कान

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांच्या भाषणाचा मजकूर)



‘नव्या वाटा आणि आपली मुले’ हा विषय समितीने माझ्याकडे सोपवला. बँका, संगणक, स्पर्धा परीक्षा यांविषयी बोलण्यास माझ्याहून अधिकारी मंडळी येथे बसली आहेत. मी बोलणार आहे लग्नाच्या छायाचित्रकाराविषयी. समोर काही चेहऱ्यांवर हसू उमटलेले मला दिसते आहे. परंतु याच व्यवसायाच्या संदर्भात काही पालक माझ्या कार्यालयात डोळ्यांत पाणी आणून बसलेले मी पाहिले आहेत.

त्यांपैकी एक आपल्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील. मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ते म्हणाले, “बाई, तिला तुम्ही समजावा. लोकांच्या लग्नात रात्री दोन-दोनपर्यंत कॅमेरा घेऊन उभी राहणार, मग हिचे लग्न कसे व्हायचे?” प्रश्न खरा होता. उत्पन्नाची काळजीही खरी होती. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. तुळशीचे लग्न लागले की कामे सुरू होतात, पौषात पुन्हा थांबतात, आणि कॅमेऱ्याचा हप्ता मात्र बाराही महिने भरावा लागतो. पदवी पुरी करावी आणि दोन हंगाम एखाद्या जुन्या छायाचित्रकाराच्या हाताखाली काढावेत, मग निर्णय घ्यावा, असे तिघांच्या बैठकीत ठरले. वडिलांनी ते नाइलाजाने मान्य केले.

त्या बैठकीत मी त्यांना एक गोष्ट सांगितली होती, ती आपल्याच इंदूर शहराची आहे. मेरठजवळच्या सरधन्याला १८४४ साली जन्मलेले, रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७०च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, दुसरे तुकोजीराव होळकर यांचा आश्रय त्यांना लाभला आणि पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ उघडला आणि तो चालवण्यास एक स्त्री नेमली. जेथे पुरुष छायाचित्रकाराला प्रवेश नाही तेथे स्त्रीच्या हाती कॅमेरा हवा, हे त्या काळी ओळखले गेले होते. आजही नवरी नटत असते त्या खोलीत, आई, मावश्या आणि करवल्या मोकळेपणाने वावरत असताना, छायाचित्रकार मुलगी असली तर सर्वांनाच बरे वाटते.

पहिले दोन हंगाम तिने दिवे धरले, तारा सांभाळल्या. लाल-पिवळ्या मांडवाचा रंग चेहऱ्यावर उतरतो तो कसा निवारायचा, होमाच्या धुरात फ्लॅश समोरून मारला तर पांढरा पडदाच कसा उभा राहतो, हे ती तेथे शिकली. चित्रे एकाच वेळी दोन कार्डांवर उतरवायची आणि घरी पोचल्यावर, कितीही वाजलेले असोत, त्यांची आणखी एक प्रत काढल्याशिवाय निजायचे नाही, ही शिस्तही तेथलीच. हा भाग कोणासही शिकता येतो, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

अवघड भाग त्यापुढचा. तिची चित्रे स्वच्छ होती, पण इतरांच्या चित्रांत मिसळली तर तिची कोणती हे तिलाही सांगता आले नसते. मोबाइलवर पाहिलेल्या त्याच मुद्रा, सूर्यास्तासमोरची तीच जोडपी. (लग्नाआधीच्या त्या चित्रीकरणाबाबत माझे आणि तिचे आजही एकमत नाही. ती त्याला हौस म्हणते. मला त्यात सगळी जोडपी एकाच चित्रपटातून आल्यासारखी वाटतात.)

गेल्या वर्षी नववीच्या मुलांशी बोलायला मी तिला बोलावले, तेव्हा तिने आपली नजर कशी बदलली ते सांगितले. बदल घडला अंतरपाटापाशी. अंतरपाट दूर होतो तो क्षण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सरतो. मंगलाष्टके नावाला आठ. पण आत्या रचून आणते, काका म्हणतात, त्यामुळे कडवी मोजून शेवट कळत नाही. तिचे सहकारी अंदाजाने बटण दाबत राहत. तिच्या मात्र एके दिवशी कानाला लागले की मंगलाष्टके चालली आहेत ती शार्दूलविक्रीडितात, चरणात एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. आणि गुरुजी समारोपाचा श्लोक धरतात तेव्हा वृत्त बदलते! अकरा अक्षरांचे आटोपशीर चरण सुरू होतात. ते कानी पडले की चार चरणांचा अवधी हाती आहे. तेवढ्यात जागा घ्यायची, श्वास रोखायचा. वृत्ते शिकवताना “बाई, याचा उपयोग काय?” असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. त्या दिवशी नववीच्या वर्गाने तो प्रश्न विचारला नाही.

क्षण आधी कळू लागल्यावर तिला निवडीची मोकळीक मिळाली. समोरासमोरच्या दोन चेहऱ्यांचे बाजूने घेतलेले चित्र सर्वांकडे असते. ती नवरदेवाच्या खांद्यामागे उभी राहून फक्त नवरीचा चेहरा टिपू लागली. चार वर्षे एका कचेरीत काम केलेल्या दोघांतही, कापड सरले की त्या चेहऱ्यावर काहीतरी पहिल्यांदाच घडते, असे ती म्हणते.

दुसरी गोष्ट तिला एका आजीकडून कळली. लग्नाआधी एकदा ती त्या घरी कॅमेरा न घेता जाते आणि कोणता विधी कोण करणार हे वहीत लिहून घेते. आजी म्हणाल्या, “आमच्यात मुलीची आई मंगलाष्टके ऐकत नाही, ती तुळशीपाशी असते.” सगळा मांडव नवरा-नवरीकडे पाहत असताना कार्यालयाच्या मागच्या अंगणात कुंडीतल्या तुळशीला पाणी घालणारी ती आई कोणाच्याच चित्रात नव्हती. तेव्हापासून जेथे ही रीत आहे तेथे तिचा दुसरा कॅमेरा तुळशीपाशी असतो. अल्बमात ती दोन्ही चित्रे समोरासमोर लावते: डाव्या पानावर तांब्या धरलेली आई, उजव्या पानावर अक्षता अंगावर पडत असलेली मुलगी. दोन्हींचा क्षण एकच. आता लोक तिला बोलावतात ते ही दोन पाने पाहून. माळव्यातल्या मारवाडी व गुजराती घरांची कामेही तिच्याकडे येतात, आणि तेथेही ती आधी वही घेऊन आजींपाशी बसते.

पालकहो, उत्पन्नाविषयी आपण विचारालच. तिचा संसार त्यावर चालतो, कॅमेऱ्याचे हप्ते फिटले आहेत आणि दोन मदतनीसांना ती पगार देते. पाऊसकाळात ती शाळांची आणि दुकानांची कामे घेते. सुट्टीचा रविवार मात्र तिला नाही, सणावाराला घरी असणे नाही. आणि पाठदुखीचे औषध नेहमी पिशवीत. हेही आपल्याला माहीत असावे.

ग्रंथालयाशेजारच्या दालनात तिची चित्रे लावली आहेत. त्यांच्याजवळ काही जुनी, कृष्णधवल चित्रेही आहेत, आपल्यापैकीच काहींच्या लग्नांतील. त्या काळच्या चौकोनी चित्रांच्या रोळावर बाराच चित्रे निघत. अख्ख्या लग्नातून बारा क्षण निवडणाऱ्या त्या छायाचित्रकारांची निवड नीट पाहावी. त्या चित्रांतील बरीच माणसे आम्हांला ओळखता आलेली नाहीत. दालनात वही ठेवली आहे, नावे आठवल्यास लिहावीत. आणि घरी असे अल्बम असतील तर दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत आणून द्यावेत. प्रती काढून मूळ चित्रे आठवड्यात परत करू. चित्रांमागे नावे लिहिताना मात्र पेन वापरू नये, पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. शाई पुढच्या बाजूला उतरते.